गॉर्डन गूल्डची वही आणि हिशेब न लागलेले २५० दिवस

वहीचं पहिलं पान. डोक्यावर हाताने लिहिलेलं शीर्षक: लेझर शक्य आहे का, याची काही ढोबळ गणितं. शीर्षकातच त्या नव्या शब्दाची फोड करून दिली आहे, लाइट अँप्लिफिकेशन बाय स्टिम्युलेटेड एमिशन ऑफ रेडिएशन. खाली पहिलंच वाक्य एका नळीचं आहे. तिच्या दोन्ही टोकांना एकमेकांना समांतर, अतिशय सपाट, प्रकाश अर्धवट परतवणारे आरसे बसवले आहेत अशी कल्पना करा, असं ते सांगतं. आणि पानावर नोटरीची सही, शिक्का, तारीख: १३ नोव्हेंबर १९५७.

ही वही गॉर्डन गूल्डची. प्रयोगशाळेत नवीन आलेल्या मुलांना नोंदवहीचं महत्त्व पटवायचं असलं की हमखास हीच गोष्ट सांगितली जाते. बघा, त्यानं सुचलेलं लगेच लिहून काढलं, सही-शिक्का घेऊन ठेवला, म्हणून उशिरा का होईना पण त्याचं त्याला मिळालं. मीही कित्येक वर्षं ती अशीच सांगत आलो. मग एकदा त्याच्या लेझरच्या पेटंटवरून झालेल्या खटल्याच्या १९६६ सालच्या निकालात डोकावलो आणि लक्षात आलं की आपण अर्धीच गोष्ट सांगतोय. ज्या वहीमुळे गूल्ड तरला असं आपण म्हणतो, ती वही हातात असूनही तो पहिली मोठी लढाई हरला होता. का हरला, हे नीट समजून घेतलं तर वहीत काय लिहायचं याबद्दलची आपली कल्पनाच बदलते. निदान माझी बदलली.

एकाच विद्यापीठातल्या दोन वह्या

१९५७ साली गूल्ड ३७ वर्षांचा होता आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पीएचडी करत होता. मार्गदर्शक होते पॉलीकार्प कुश, ज्यांना दोनच वर्षांपूर्वी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. गूल्डचं काम थॅलियमच्या अणूंवर होतं, आणि त्यात तो ऑप्टिकल पंपिंगची युक्ती वापरत होता. योग्य रंगाचा प्रकाश बाहेरून पाडायचा आणि अणूंना वरच्या ऊर्जापातळीवर चढवायचं, एवढीच ती युक्ती. पण लेझरसाठी अणूंची जी गर्दी वरच्या पातळीवर जमवावी लागते, ती जमवण्याचा एक रस्ता त्यामुळे त्याच्या रोजच्या हाताखाली होता.

त्याच विद्यापीठात चार्ल्स टाउन्स होते. त्यांच्या गटानं १९५४ मध्ये मेझर चालवून दाखवला होता. लेझर जे प्रकाशाचं करतो, तेच मेझर सूक्ष्मलहरींचं करतो. साहजिकच टाउन्सही आता प्रकाशाकडे वळायच्या विचारात होते. त्यांच्या वहीत १४ सप्टेंबर १९५७ ची या विषयावरची नोंद आहे आणि त्या पानावर साक्षीदार म्हणून त्यांच्या एका विद्यार्थ्याची सही आहे. ऑक्टोबरच्या शेवटी त्यांनी गूल्डकडे थॅलियमच्या दिव्यांची चौकशी केली. आपल्याच डोक्यात घोळणाऱ्या प्रश्नामागे दुसरंही कोणी लागलंय, हे गूल्डला त्या बोलण्यातून कळलं. पुढच्या दोन-अडीच आठवड्यांत त्याची पानं लिहून झाली होती.

दोघांच्या कल्पनांत एक महत्त्वाचा फरक होता. टाउन्सच्या सुरुवातीच्या आराखड्यात चहूबाजूंनी परावर्तक भिंती असलेली बंद पेटी होती. गूल्डकडे फक्त दोन टोकांना दोन आरसे. बंद पेटीत प्रकाशाला वाटेल त्या दिशेनं आपटत राहायला असंख्य वाटा मिळतात. दोनच आरसे ठेवले की आसाच्या रेषेत ये-जा करणारा प्रकाश तेवढा टिकतो, बाकीचा बाजूनं निघून जातो. लेझरचा किरण सरळ आणि घट्ट असतो तो यामुळे. आर्थर शॉलो यांनीही टाउन्सबरोबर काम करताना हीच दोन आरशांची रचना सुचवली, तीही १९५८ मध्येच.

श्रेय कुणाचं, या वादात मला पडायचं नाही. त्यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे आणि दोन्हीकडच्या माणसांनी खरोखर विचार केला होता. मला बघायचं आहे ते एवढंच की कागदानं कोणाला कुठपर्यंत साथ दिली.

नोटरीला काय माहीत होतं

गूल्डनं पानं घेऊन गाठलं ते ब्राँक्समधलं एक मिठाईचं दुकान. दुकानाचा मालक नोटरीही होता. योगायोगानं त्याचंही आडनाव गूल्डच, पण नातं काही नव्हतं. त्यानं नऊ पानांवर सह्या केल्या.

आता जरा थांबून या सहीकडे बघा. तिनं काय सिद्ध होतं? अमुक माणूस अमुक दिवशी ही पानं घेऊन माझ्यासमोर आला, बस्. पानांवर जे लिहिलंय ते त्या साक्षीदाराला समजलं, त्यानं ते तपासलं, ते चालेल असं त्याला वाटलं, यातलं काहीही ती सही सांगत नाही. तारखेपुरता हा पुरावा पक्का आहे. तारखेपलीकडे तो मुका आहे.

टाउन्सच्या पानावरची विद्यार्थ्याची सही दिसायला साधी, बिनशिक्क्याची. पण तो साक्षीदार भौतिकशास्त्रातला होता. उद्या कोणी त्याला विचारलं की त्या दिवशी पानावर काय होतं, तर तो सांगू शकला असता. प्रयोगवहीच्या तळाशी 'वाचलं आणि समजलं' असं छापलेलं असतं आणि त्याखाली सही-तारखेची जागा असते. त्यातला 'समजलं' हा शब्द शोभेचा नाही. साक्षीदार असा हवा की ज्याला विषय कळतो, पण ज्याचं नाव त्या शोधात नाही. स्वतःच्या शोधाबद्दल संशोधकानं स्वतः दिलेली साक्ष अमेरिकेच्या पेटंट कायद्यात एकटी पुरत नाही, तिला बाहेरचा दुजोरा लागतो. म्हणून सहलेखकाची सही कामाची नाही आणि विषय न कळणाऱ्याची सही अर्धीच कामाची.

आमच्याकडे मुलं महिनाभराची पानं एकदम समोर आणतात आणि 'सर, सह्या' म्हणतात. मी त्या दिवशीची तारीख टाकतो. मागची टाकत नाही. सुरुवातीला त्यांना हे खडूसपणाचं वाटतं.

गूल्डच्या पानांबद्दल एक गोष्ट मात्र मनापासून सांगाविशी वाटते. त्यानं शीर्षकात 'ढोबळ' हा शब्द लिहिला आणि गणितंही तशीच ठेवली. फेअर करून, चुका गाळून, सुवाच्य अक्षरात उतरवून मग तो नोटरीकडे गेला असता तर त्यात आणखी आठवडे गेले असते. शिवाय या यंत्राचा उपयोग वर्णपटमापन, व्यतिकरणमापन, रडार आणि थेट अणुसंमीलनापर्यंत कशाकशाला होईल, हेही त्याच्या टिपणांत आहे. जे अजून कोणी बनवलेलंच नाही त्याचे उपयोग लिहून ठेवायला धाडस लागतं. वही ही त्या धाडसाची जागा आहे.

चुकीचा समज आणि निसटलेला उन्हाळा

१९५८ च्या सुरुवातीला गूल्ड पेटंटच्या वकिलाला भेटला आणि बाहेर पडला तो एक चुकीचा समज घेऊन: पेटंटसाठी आधी चालतं यंत्र दाखवावं लागतं. तसं नव्हतं. तपशीलवार अर्ज दाखल करणं हेच कायद्याच्या नजरेत शोध पूर्ण केल्यासारखं धरलं जातं. तो काय ऐकून आला आणि त्याला नेमकं काय सांगितलं गेलं होतं, हे आता ठरवता येणार नाही. पण त्या समजापोटी तो यंत्र बनवायच्या मागे लागला. मार्च १९५८ मध्ये पीएचडी अर्धवट सोडून तो टेक्निकल रिसर्च ग्रुप या कंपनीत दाखल झाला.

इकडे शॉलो आणि टाउन्स यांचा अर्ज ३० जुलै १९५८ ला दाखल झाला. त्यांचा शोधनिबंध डिसेंबरात फिजिकल रिव्ह्यूमध्ये छापून आला. गूल्डचा अर्ज गेला ६ एप्रिल १९५९ ला, म्हणजे नोटरीच्या सहीनंतर ५०९ दिवसांनी. २२ मार्च १९६० ला शॉलो-टाउन्स यांना पेटंट मिळालं. १६ मे १९६० ला ह्यूज या कंपनीच्या प्रयोगशाळेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेझर प्रत्यक्ष चालवला. तो ना गूल्डच्या हातून झाला, ना टाउन्सच्या.

मधल्या काळात एक विचित्र गोष्ट घडली. कंपनीनं लेझर बनवण्यासाठी अमेरिकी संरक्षण खात्याच्या आर्पा या संस्थेकडे ३ लाख डॉलर मागितले होते. मिळाले जवळपास १० लाख. पण पैशांबरोबर गोपनीयतेचा शिक्काही आला. तरुणपणी गूल्डचा साम्यवादी अभ्यासगटाशी संबंध आला होता, म्हणून त्याला गोपनीय कामाची परवानगी नाकारली गेली. प्रकल्प त्याच्या कल्पनेवर चाललेला आणि त्यात त्यालाच प्रवेश नाही. त्याच्या स्वतःच्या वह्यासुद्धा गोपनीय ठरल्या आणि त्याच्याकडून काढून घेण्यात आल्या.

या गोष्टीकडे लोक राजकारणाच्या अंगानं बघतात, ते बरोबरच आहे. पण नोंदी ठेवणाऱ्यानं ती दुसऱ्या अंगानंही बघावी. वही तुमच्या हातची असली तरी तुमच्या मालकीची असेलच असं नाही. पगार देणाऱ्या संस्थेची असते, कधी पैसे पुरवणाऱ्याची असते. नोकरी सोडली की ती तिथेच राहते. तेव्हा कुठली वही कुठे आहे, तिची प्रत कोणाकडे आहे, किती पानांची आहे, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतची आहे, ही यादी वेगळी ठेवावी लागते. ज्या दिवशी वही हातातून जाते त्या दिवशी ही यादीच काय ती उरते.

२५० दिवस

आता मुख्य मुद्दा. त्या वेळी अमेरिकेत पेटंट आधी अर्ज करणाऱ्याला नव्हे, आधी शोध लावणाऱ्याला मिळे. त्यामुळे गूल्डचा दावा उघड होता: अर्ज माझा नंतरचा असेल, पण कल्पना १३ नोव्हेंबर १९५७ ची आहे आणि तिच्यावर नोटरीची सही आहे.

पण नियमात आणखी एक अट होती, आणि माझ्या मते ती रास्त होती. आधी सुचलं आणि मग कपाटात ठेवून दिलं, असं चालत नाही. ज्याला आधी सुचलं पण ज्यानं नंतर पूर्ण केलं, त्यानं दाखवायचं असतं की प्रतिस्पर्धी मैदानात उतरण्याच्या किंचित आधीपासून ते आपलं काम पूर्ण होईपर्यंत आपण त्याच्यामागे सातत्यानं लागलो होतो. प्रतिस्पर्ध्याची तारीख ३० जुलै १९५८. गूल्डची ६ एप्रिल १९५९. दरम्यान २५० दिवस.

या २५० दिवसांचा हिशेब गूल्डला समाधानकारकरीत्या देता आला नाही. अपील न्यायालयानं १९६६ मध्ये त्याच्याविरुद्ध निकाल दिला. त्या निकालातलं एक वाक्य अमेरिकी पेटंट कार्यालयाच्या परीक्षकांच्या नियमावलीत अजून उद्धृत केलं जातं. त्याचा आशय असा: ज्यात काम झालं नाही असा एकही आठवडा किंवा महिना गेला नाही, एवढं नुसतं म्हणणं पुरेसं नाही.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ तसाच बसलो. कारण हे वाक्य आपण सगळे बोलतो. 'या प्रकल्पावर वर्षभर काम चालू होतं.' 'मधे एकही आठवडा रिकामा गेला नाही.' अहवालात लिहितो, मुलाखतीत सांगतो, आणि ते खोटं नसतं. गूल्डचंही खोटं नसावं. तो आळशी माणूस नव्हता. ज्यानं एका कल्पनेपायी पदवीवर पाणी सोडलं त्याच्या चिकाटीबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पण चिकाटी ही माणसात असते आणि न्यायालयाला ती कागदात दिसावी लागते. कोणत्या आठवड्यात काय केलं? कोणत्या दिवशी काय अडलं? अडलं तर सुटायला किती दिवस लागले? याची उत्तरं आठवणीतून आली तर ती नुसती आठवण राहते.

इथे मला वाटतं, आपण मुलांना शिकवताना चुकतो. आपण सांगतो की मोठी कल्पना सुचली की तारीख घाला, सही घ्या. मुलं तेवढंच लक्षात ठेवतात. मग वहीत काय दिसतं? ज्या दिवशी प्रयोग जमला त्या दिवशी चार पानं, आलेख चिकटवलेला, खाली रेघ. त्यानंतर थेट तीन आठवड्यांनंतरची तारीख. मधले तीन आठवडे मुलगा रोज सकाळी नऊला येत होता, हे मला माहीत असतं. वहीला माहीत नसतं.

एका रिकाम्या दिवसाची नोंद

मग त्या मधल्या दिवसांत लिहायचं काय? हा प्रश्न मला दरवर्षी विचारला जातो. त्याचं उत्तर उपदेशानं देता येत नाही, दाखवावं लागतं. म्हणून मी दोन नोंदी फळ्यावर लिहितो. दोन्ही माझ्या, नमुन्यासाठी रचलेल्या.

पहिली: '१२ सप्टेंबर. सेटअपवर काम.'

दुसरी: '१२ सप्टेंबर, शुक्रवार. नवीन आरसा अजून आलेला नाही. पुरवठादाराला ११ वाजता फोन केला, सोमवारी देतो म्हणाले. तोवर जुन्याच आरशाची परावर्तकता मोजली, तीन रीडिंग, पान ४६. अपेक्षेपेक्षा कमी येते आहे. काच पुसताना चरा पडला असावा असा संशय, खात्री नाही. सोमवारी दोन्ही आरसे शेजारी ठेवून मोजायचं ठरवलं. दुपारी ३ नंतर काम नाही, विभागाची बैठक.'

दुसरी नोंद लिहायला चार मिनिटं लागतात. त्या दिवशी निष्पन्न काहीच झालं नाही, आणि तरी त्या नोंदीत किती गोष्टी आहेत बघा. काम का थांबलं ते आहे. थांबलेलं असताना काय केलं ते आहे. संशय हा संशय म्हणून लिहिला आहे, निष्कर्ष म्हणून नाही. पुढचं पाऊल आहे, त्यामुळे सोमवारचं पान या पानाशी आपोआप जोडलं जाईल. आणि काम कधी संपलं तेही आहे. फोन केल्याचं दुसऱ्या बाजूनं पडताळता येईल, बैठकीचं तर वेळापत्रकच असेल. दुजोरा मिळतो तो अशा बारीकसारीक, बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या तपशिलांतून.

बाकीच्या सवयी बहुतेकांना माहीत असतात, म्हणून भरभर सांगतो. शिवलेली, पानांवर आकडे छापलेली वही घ्यावी. शाईनं लिहावं. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, बाजूला आद्याक्षरं आणि तारीख. पान फाडू नये. कोरी जागा उरली तर तिरकी रेघ मारून टाकावी. चिकटवलेल्या आलेखावर सही अशी करावी की अर्धी आलेखावर आणि अर्धी पानावर येईल. सुट्या चिठ्ठीवर रीडिंग घेतलंच तर ती चिठ्ठीच चिकटवावी, तिची 'चांगली' नक्कल नव्हे. फाइल संगणकावर असेल तर तिचं पूर्ण नाव आणि जागा वहीत यावी. इलेक्ट्रॉनिक नोंदवहीत तारीख-वेळ आपोआप पडते आणि जुनी आवृत्ती पुसली जात नाही, ही मोठी सोय आहे. पण रिकाम्या दिवसाची नोंद तिथेही आपोआप पडत नाही. ती माणसानंच करावी लागते.

माझ्या स्वतःच्या हातून झालेलं सांगतो. प्रतिदीप्तीची मोजणी करत होतो. एका महिन्यातली सगळी रीडिंग आधीच्या महिन्यापेक्षा थोडी खाली सरकलेली दिसली. नमुन्यात फरक नव्हता. बऱ्याच शोधाशोधीनंतर कळलं की मधे कधीतरी वर्णपटमापकाचा दिवा बदलला होता. बदलला मीच होता. पण तो 'प्रयोगाचा' दिवस नव्हता, दुरुस्तीचा होता, म्हणून वही उघडलीच नव्हती. दिवा कुठल्या रीडिंगच्या आधी बदलला आणि कुठल्या नंतर, हे ठरवता येईना. तीन आठवड्यांचं काम बाजूला ठेवून सगळं पुन्हा मोजलं. तिथे पेटंट नव्हतं, कोर्ट नव्हतं, प्रतिस्पर्धीही कोणी नव्हता. हिशेब मागणारा मीच होतो आणि देऊ न शकणाराही मीच. तेव्हापासून दुरुस्तीचा दिवस माझ्या वहीत प्रयोगाच्या दिवसाइतकीच जागा घेतो.

पुढे काय झालं

गूल्डचं प्रकरण १९६६ ला संपलं नाही. त्याचा एप्रिल १९५९ चा अर्ज भला मोठा होता आणि त्यात एकाहून जास्त शोध सामावलेले होते. एक हातचा गेला तरी बाकीचे जिवंत होते. ते त्यानं एकेक करून लढवले. त्यासाठी भविष्यातल्या कमाईतला वाटा आधीच विकून खटल्यांचा पैसा उभा करावा लागला. ११ ऑक्टोबर १९७७ ला ऑप्टिकल पंपिंगवर चालणाऱ्या लेझर प्रवर्धकाचं पेटंट त्याला मिळालं. १९७९ मध्ये लेझरच्या वापरांविषयीचं मिळालं. विद्युत विसर्गावर चालणाऱ्या वायू लेझरचं मिळायला नोव्हेंबर १९८७ उजाडलं, आणि पुढच्या वर्षी आणखी एक. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे पेटंटची १७ वर्षं मंजुरीच्या तारखेपासून मोजली जात. त्यामुळे झालं असं की लेझर कारखान्यांत, दवाखान्यांत, दुकानांत सगळीकडे पोहोचल्यावर त्याची पेटंटं लागू झाली आणि उशीरच त्याच्या पथ्यावर पडला. १९९१ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव गेलं. २००५ मध्ये तो वारला.

सांगताना आपण बहुधा इथूनच उलटे मागे जातो आणि म्हणतो, वहीनं त्याला तारलं. वहीचा वाटा होताच. कल्पना केव्हाची, हे त्या नऊ पानांनी कधीच डळमळू दिलं नाही, आणि 'लेझर' या शब्दावर तर आज कोणी दुसरा हक्कही सांगत नाही. पण या पेटंटांना पाया मिळाला तो १९५९ च्या अर्जातल्या तपशिलाचा. आणि मूळ पेटंट गेलं ते शिक्क्याच्या पानानंतरच्या काळाचा हिशेब लागला नाही म्हणून. दोन्ही गोष्टी एकत्र सांगायला हव्यात. एकच सांगितली की मुलं शिक्क्याच्या मागे लागतात.

अमेरिकेनं १६ मार्च २०१३ पासून हा नियम बदलला. आता तिथेही आधी अर्ज करणाऱ्याचा हक्क धरला जातो. मग साक्षीदार, तारखा, रिकामे दिवस, हे सगळं जुनं झालं का, असं काही जण विचारतात. आधी-नंतरच्या भांडणापुरतं बऱ्याच अंशी झालं. पण वहीला प्रश्न विचारणारे पेटंटचे वकीलच असतात असं कुठे आहे? निकाल पुन्हा येत नाही म्हणून दुसरी प्रयोगशाळा विचारते. आकडे खरे आहेत का म्हणून चौकशी समिती विचारते. तुम्ही सोडून गेल्यावर तुमच्या टेबलावर बसलेला नवा माणूस विचारतो, आणि त्याला विचारायला तुम्ही समोर नसता. या सगळ्यांना शिक्क्याच्या दिवसापेक्षा मधल्या दिवसांतच जास्त रस असतो.

हे प्रकरण शिकवताना मी हल्ली एक सराव देतो. २५० ओळींचा तक्ता छापून देतो, पहिली ओळ ३० जुलै १९५८, नंतर रोजची एक. गूल्डबद्दल जे माहीत आहे ते त्यात भरा म्हणतो. वाचून, शोधून मुलं भरतात. भरल्या जातात त्या मोजक्या ओळी. मग तसाच तक्ता त्यांच्या स्वतःच्या मागच्या २५० दिवसांचा देतो आणि सांगतो, वहीतून भरा, आठवून नाही. वर्गात हळूहळू शांतता पसरते.

मागच्या खेपेला एका मुलीनं विचारलं, "सर, रविवार धरायचे का? आणि मी दहा दिवस तापानं पडून होते, ते?" प्रश्न फार चांगला होता. कारण तो कायदाही रोज काम केलंच पाहिजे असं म्हणत नव्हता. मधला सगळा काळ एकतर केलेल्या कामानं भरलेला असावा किंवा पटेल अशा कारणानं, एवढंच म्हणत होता. आजारपण हे कारण आहे. यंत्राचा भाग न येणं हेही असू शकतं. पण कारणसुद्धा त्या-त्या वेळी लिहिलेलं असावं लागतं.

मी तिला म्हटलं, "धर. दोन्ही धर." तिनं वही उघडली, त्या दिवसाचीच तारीख घातली आणि लिहिलं: अमुक ते अमुक दहा दिवस आजारी, तेव्हा नोंद केली नव्हती, आज आठवणीनं करते आहे. खाली सही केली आणि वही साक्षीसाठी शेजारच्या मुलाकडे सरकवली.